किरकोळ वाद

माझं अक्षर चांगलं आहे. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाचं ते असावंच लागतं. पोरं फळ्यावरचं बघून गिरवतात, काना चुकला तर वर्गभर चुकतो. त्यामुळे मोहल्ल्यात कुणाला तहसीलला अर्ज द्यायचा असला, रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचं असलं, की लोक म्हणतात, "सर के पास जाओ, लिख देंगे." मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

याच अक्षरात २०२१ साली मी एक कागद लिहिला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर, माझ्याच घरात, चहाचे कप बाजूला सारून. तो कागद पुन्हा पाहिला तो दोन वर्षांनी, नगरच्या कौटुंबिक न्यायालयात. माझ्या भाचीच्या विरोधात जोडलेल्या कागदांमध्ये तो होता.

हे भाचीला विचारून लिहितोय. तिचं नाव, सासरचं गाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. ती म्हणाली, "लिखो मामू. लेकिन अपना भी लिखो, सिर्फ मेरा मत लिखो." म्हणून माझंही लिहितोय.

ती माझ्या मोठ्या आपाची मुलगी. सातवीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकली. निकाह झाला २०१७ मध्ये. मुलगा कमावता, स्वतःचा टेम्पो, घर बरं. २०१९ मध्ये ती पहिल्यांदा माहेरी निघून आली. आपाने मला बोलावलं. मी शिकलेला, बी.एड. झालेला, चार लोकांत ऊठबस असलेला. मी तिला समजावलं. "सबर कर बेटा, नया घर है, मर्द का गुस्सा रहताच." आठ दिवसांनी मीच तिला एसटीत बसवून दिलं. तिला कुठे लागलंय का, हे मी विचारलंसुद्धा नाही. मामाने भाचीला असं विचारायचं नसतं, असं मला वाटायचं.

दुसऱ्यांदा आली ती लॉकडाऊननंतर, २०२१ मध्ये. कडेवर मुलगा आणि उजवं मनगट सुजलेलं. मग बैठक ठरली, माझ्या घरी.

हॉलमध्ये आम्ही सात पुरुष होतो. मुलाकडचे तीन, आमच्याकडचे तीन आणि दोघांनाही मान्य असलेले एक बुजुर्ग. भाची आत स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ बसलेली. तिला बाहेर बोलवावं असं सातांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. जावई मान खाली घालून म्हणाला, "गुस्से में हात उठ गया." मला आठवतं, त्या वाक्याने खोलीतलं वातावरण जरा सैल झालं. कबूल तर केलं पोराने! आणि लगेच कुणीतरी विचारलं, "गुस्सा कायकू आया?"

बस. पुढचे दोन तास त्या एका प्रश्नावर गेले. ती उलट बोलते. आईला रोज फोन करते. सासूच्या औषधाची वेळ चुकवते. शिलाईचे पैसे स्वतःकडे ठेवते. मगरिबची अजान झाली तेव्हा हिशेब असा निघाला होता की माफी तिने मागायला हवी. सुजलेलं मनगट कुठल्या कुठे गेलं. हे आम्ही कट करून केलं नव्हतं. सातही जण आपापल्या परीने भले लोक होते. मी धरून. पण "का मारलं" हा प्रश्न एकदा विचारला की उत्तर नेहमी बाईच्या वागण्यात सापडतं, कारण शोध तिथेच चालू असतो.

मग कागद लिहायची वेळ आली. आधी मी कच्चं लिहिलं, जुन्या हजेरीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. त्यात "मारहाण" असा शब्द होता. बुजुर्गांनी वाचून घेतलं आणि हळूच म्हणाले, "सर, ये लफ्ज निकालो. कागद है, कल कहीं निकला तो बच्चे का नुकसान होगा." मला पटलं. पक्क्या कागदावर मी लिहिलं की उभयतांमध्ये किरकोळ वाद झाले होते, ते आपसात मिटले असून मुलीची यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सातांच्या सह्या झाल्यावर कागद घेऊन मी आत गेलो. तिने तो वाचला. तिला मराठी उत्तम वाचता येतं, मीच शिकवलंय. त्या ओळीवर थांबून तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सही केली. हाताला कळ लागत होती, म्हणून सही वाकडी आली.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ती फजरच्या वेळी मुलाला घेऊन घरातून निघाली. मिळेल त्या गाडीने तारकपूर स्टँडवर उतरली आणि तिथून आपाच्या घरी. मी भेटायला गेलो तेव्हा तिने सलाम केला आणि एकच वाक्य बोलली, "मामू, इस बार कागद मत लिखना."

त्यानंतर मी तिच्यासोबत फिरलो. लिहायला नाही, सोबत म्हणून. एका पोलीस ठाण्यात आम्हाला सांगितलं गेलं की घरचं घरात मिटवा, मुलगा लहान आहे. ते ऐकताना मला राग आला, आणि मग आठवलं की हेच मी स्वतः दोनदा सांगितलंय, तेही चहा पाजून. शेवटी नगरच्या एका वकीलबाईंनी मार्ग दाखवला. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे आणि पोटगीचा कौटुंबिक न्यायालयात. पोटगी तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मागायची. जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तेच कलम १४४ झालं. तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही या मार्गाने पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटतं की शाहबानोनंतर, १९८६ च्या कायद्याने ते दार बंद झालं. तसं नाही.

कौटुंबिक न्यायालयाचा कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईला ही न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली, नंतर इतर जिल्ह्यांत आली. या न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नसतो, न्यायाधीशांच्या परवानगीने उभा राहतो. आणि खटला चालण्याआधी समेट होतो का हे पाहणं न्यायालयाचं कर्तव्य असतं. त्यासाठी विवाह समुपदेशक असतात.

"समेट" हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे पुन्हा बैठक. फक्त सरकारी खुर्च्यांवर. आणि विरुद्ध बाजूने उत्तरासोबत माझा तो कागद जोडला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वाद किरकोळ होते, मुलीच्याच मामाने तसं लिहून दिलंय, हस्ताक्षरही त्यांचंच आहे.

पहिल्या तारखेला मी भाचीबरोबर समुपदेशकांच्या खोलीत जाऊ लागलो. त्या बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही बाहेर थांबा." सासरच्या माणसांनाही बाहेर बसवलं. सात माणसांची सवय असलेल्या मला ते जरा लागलंच. त्यांनी आधी तिला एकटीला बोलावलं. मग त्याला एकट्याला. दोघं एकत्र बसायला तयार आहात का, हे तिला वेगळं विचारलं. ती नाही म्हणाली. विषय संपला. कुणी "अगं, एकदा बसून तर बघ" म्हटलं नाही.

समुपदेशकांपुढचं बोलणं गुप्त राहतं. ते राहावं, म्हणूनच लोक तिथे बोलू शकतात. मी फक्त तेवढंच सांगतोय जे भाचीने स्वतःहून मला सांगितलं आणि लिहायला परवानगी दिली.

तिला विचारलं गेलं, मारलं का? कशाने? किती वेळा? मुलासमोर? आत्ता बाहेर त्याला बघून भीती वाटते का? तुझी कमाई कुणाकडे असते? माझा कागदही त्यांनी पाहिला. "ही सही तुझीच का? अर्जावरची वेगळी दिसते," असं विचारलं. तेव्हा तिने मनगटाचं सांगितलं. सात माणसांपुढे जे कधी आलंच नव्हतं, ते त्या वाकड्या सहीमुळे बाहेर आलं. आणि हेही तिला सांगितलं गेलं की घरी बसून केलेल्या अशा लिखापढीने बाईचा पोटगीचा हक्क जात नसतो.

तिसऱ्या तारखेला ती एकत्र बसायला तयार झाली. तिच्या मनाने. आत जावयाने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "मॅडम, गुस्सा इसलिए आया के..." बाईंनी त्याला तिथेच थांबवलं. कारण नको, हात उचलला की नाही तेवढं सांगा. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हां. उठाया."

भाची बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे नव्हता. घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "मामू, पांच साल में पहली बार उसके 'हां' के बाद 'लेकिन' नहीं आया."

त्या बाईंनी त्याला का थांबवलं, हे मला पुढे वाचताना कळलं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. मॅजिस्ट्रेट कलम १४ खाली समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. ते कसं करायचं हे त्या कायद्याच्या २००६ च्या नियमावलीत, १४ व्या नियमात लिहिलंय. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मला आपल्या प्रत्येक जमातखान्याच्या भिंतीवर लावाविशी वाटते. समुपदेशनात मारणाऱ्याला आपल्या मारण्याचं समर्थन करता येत नाही. आणि हे त्याला काम सुरू होण्याआधीच सांगायचं असतं. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची असते. आणि तडजोडीचा प्रयत्न कधी? तर बाईची इच्छा असेल तर.

हा नियम मॅजिस्ट्रेटने नेमलेल्या समुपदेशकांसाठी आहे, कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशक वेगळ्या कायद्याखाली काम करतात, हे खरं. पण त्यांच्याही कायद्यातलं नववं कलम समेटाचा प्रयत्न सरसकट करा असं म्हणत नाही. प्रकरणाचं स्वरूप आणि परिस्थिती पाहून, शक्य असेल तिथे करा, असं म्हणतं. आम्ही सातांनी "शक्य असेल तिथे" हे शब्दच गाळले होते.

आता आपल्या घरचं बोलतो. बैठकीचं समर्थन करताना आपण सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीचा हवाला देतो. दोघांत फूट पडण्याची भीती असेल तर एक हकम नवऱ्याच्या घरचा नेमा, एक बायकोच्या घरचा. मी आलिम नाही. पण भाषा शिकवतो, म्हणून एका शब्दावर अडतो. हकम म्हणजे न्याय करणारा, निवाडा देणारा. समजूत घालून परत पाठवणारा नाही. बायकोच्या घरचा हकम असतो कशासाठी? तिचं म्हणणं मांडायला माणूस असावा म्हणून. मी तिच्या घरचा होतो आणि तिचं म्हणणं मी विचारलंच नव्हतं. त्याच्या आधीची, चौतिसावी आयत पुढे करून हात उचलणारेही भेटतात. तिच्या अर्थावर आलिमांची मोठी चर्चा आहे, ती त्यांनी करावी. मी एवढंच विचारतो की ज्यांची सुन्नत आपण दाढीपासून मिसवाकपर्यंत पाळतो, त्यांनी आयुष्यात कधी कुठल्या बाईवर हात उचलला नाही, अशी हजरत आयेशांची रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. ती सुन्नत कुठे गेली?

आपल्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, जिथे आपल्या जिल्ह्यातली अपिलं जातात, २००२ साली लातूरच्या दगडू पठाण खटल्यात पूर्णपीठाचा निकाल दिला. पोटगी टाळायला "मी आधीच तलाक दिलाय" असं नुसतं न्यायालयात लिहून देणं पुरत नाही, कारण आणि दोन्ही घरांच्या माणसांकरवी समेटाचा प्रयत्न झाला होता हेही सिद्ध करावं लागेल, असं त्यात म्हटलंय. म्हणजे न्यायालयाने आपल्या हकमला मान दिला. त्या मानाला साजेसं काम आपण करतो का?

मला ठाऊक आहे, हे वाचून काही जण नाराज होतील. "सर, आधीच टीव्हीवर आपल्या घरांची बदनामी कमी आहे का? तुम्ही आणखी लिहा." ही भीती खोटी नाही. २०१७ चा निकाल, २०१९ चा कायदा, त्याभोवतीच्या चर्चा आपण ऐकल्यात. आपल्या बायकांच्या दुःखाचा कळवळा असा दाखवला गेला की त्यात आपल्याविषयीचा तिरस्कारच जास्त दिसावा. पण त्या भीतीची किंमत कोण देतं? बैठकीतले सात पुरुष नाही देत. स्वयंपाकघरात बसलेली मुलगी देते.

आणि कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसलं की कळतं, हे कुणा एकाच्या घरचं नाही. तिथे सगळ्या जातींची, धर्मांची माणसं होती. शेजारी एक म्हाताऱ्या बाई नातीला घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हीच म्हणलो, थोडं सोस पोरी." माझंच वाक्य, फक्त भाषा दुसरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चार बायकांतल्या एकीने नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसलेली आहे. चार घरं सोडून एक. मोहल्ला कोणताही घ्या.

न्यायालयाचं मी गुणगान करत नाही. तारखा पडतात. कामाचा दिवस बुडतो. ज्याच्या भीतीने घर सोडलं, त्याच्याच समोर बाई त्या व्हरांड्यात तासन्‌तास बसते. तो लांबून नुसता बघतो, आणि त्या बघण्याचा अर्थ तिलाच कळतो. सगळ्याच ठिकाणी असे समुपदेशक भेटतात असंही नाही. "ॲडजस्ट करा" म्हणणारे मीही ऐकलेत. तरी त्या खोलीत मी जे शिकलो ते माझ्या हॉलमध्ये शिकलो नव्हतो.

समुपदेशन या शब्दात उपदेश आहे. वर्गात मी फोडून दाखवतो तसा फोडला तर तोच सापडतो. पण त्या बाईंनी उपदेश केला नाही. आपल्याकडचा शब्द लावायचा तर तो मशवरा होता. मशवऱ्यात ज्याचं आयुष्य आहे त्याचं आधी ऐकतात.

भाची परत गेली नाही. ऐकणारे लगेच विचारतात, "मग समुपदेशन फेल गेलं?" नाही. दोघांनी राजीखुशीने वेगळं व्हायचं ठरवलं, मुबारात. मेहर आणि जहेजचं सामान परत मिळालं. मुलाची पोटगी ठरली. मुलाने बापाला कधी, कुठे भेटायचं हे ठरलं. पहिल्या भेटीला मी मुलाला घेऊन गेलो. बाप खेळण्यातला टेम्पो घेऊन आला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, उस दिन किसीने मेरेकू भी नहीं रोका." मी काय उत्तर देणार? सात जण होतो. एकाने जरी म्हटलं असतं, कारण सांगू नको, हात उचलायचा नाही, एवढंच ऐक, तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण म्हणायला हवं होतं.

आता कुणी बैठकीला बोलावलं तर माझ्या अटी आहेत. आधी मुलीशी माझी बायको किंवा दुसरी एखादी समजदार बाई एकटीत बोलेल. घरी परत जायचंय का, हे मुलगी सांगेल. तिचा बाप नाही, मामा नाही. जखम असेल तर बैठक नंतर, दवाखाना आधी. "गुस्सा कायकू आया" हा प्रश्न विचारायचा नाही. आणि जीवाची भीती असेल तर बैठकच नाही. ११२ वर पोलीस, १८१ वर महिला हेल्पलाइन. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, नवऱ्याचं किंवा बापाचं उत्पन्न न बघता. त्यांचा नंबर १५१००. आपल्या मुलींना पाठ असावेत असे हे तीन नंबर आहेत. मी सातवीच्या वर्गाला पाठ करून घेतलेत, पाढ्यांसारखे.

गेल्या महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. पिशवीतून कोरा स्टॅम्प पेपर काढला. "सर, घर की बात है, चार लाइन लिख देते क्या? आपका हात अच्छा है."

मी विचारलं, "मुलगी कुठे आहे?"

"घर पे है. उसको क्या पूछना, वो तो राजी है."

मी म्हटलं, "मग तिला घेऊन या. चहा तोवर ठेवतो." ते स्टॅम्प पेपर परत पिशवीत घालून गेले. अजून आले नाहीत. परवा मी आणि माझी बायकोच त्यांच्या घरी जाऊन येणार आहोत.